वजा कुणाचं? विरुद्ध छेदांच्या एका उदाहरणाची समीक्षा

 

कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर शुक्रवारी दुपारपर्यंत होऊनही जाते. वहीतल्या गणिताची समीक्षा मात्र तांबड्या शाईच्या एका फुलीत संपते. ती फुली का पडली, नेमकी कुठल्या ओळीवर पडायला हवी होती, आणि मुळात पडायला हवी होती का, याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही एकच उदाहरण घेऊन बसणार आहोत. ते आठवी-नववीच्या वयाचं आहे, आणि वरवर पाहता त्यात नवल करण्यासारखं काहीच नाही. फळ्यावर लिहितो:

५/(क्ष−३) − २/(३−क्ष)

सोपं रूप द्या. बस, एवढंच. (आम्ही ‘एक्स’ न म्हणता ‘क्ष’ म्हणतोय ते कुणावर रुसून नव्हे. जुन्या मराठी बीजगणिताच्या पुस्तकांत अ, ब, क आणि क्ष, य अशीच अक्षरं असायची, आणि आमची जीभ त्यांनाच सरावलेली आहे. भास्कराचार्य तर अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणायचे आणि पुढच्या अज्ञातांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं द्यायचे. त्या मानाने आम्ही फारच आधुनिक.)

या उदाहरणाला कुठली उत्तरं येतात, हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पहिलं: ३/(क्ष−३). मुलाने दोन्ही छेद सारखेच समजले आणि पाचातून दोन काढले. दुसरं: ३/(२क्ष−६). याने वरून वर वजा केलं आणि खालून खाली. तिसऱ्याने शिस्तीत काम केलं. छेद वेगळे आहेत, मग दोघांचा गुणाकार करू, तिरका गुणाकार करू, असं म्हणत तो इथे पोचला: (२१−७क्ष)/(−क्ष²+६क्ष−९). आणि थांबला. बहुतेकदा या तिघांनाही फुली मिळते.

आमची तक्रार इथूनच सुरू होते. पहिल्या दोघांचं चुकलं आहे. तिसऱ्याचं चुकलेलं नाही, त्याचं अर्धवट राहिलं आहे. वर सात सामाईक काढा, म्हणजे ७(३−क्ष) होतं. खाली मुळातला गुणाकार परत लिहा: (क्ष−३)(३−क्ष). वरचा (३−क्ष) आणि खालचा (३−क्ष) यांवर काट मारा. उरतं ७/(क्ष−३). हेच बरोबर उत्तर. म्हणजे त्या मुलाला दोन पावलं चालायची होती, आणि त्या वाटेवरचा अडथळा त्याने आधीच्या ओळीत स्वतःच्या हाताने उभा केला होता. अवयव समोर उघडे दिसत असताना त्याने कंस सोडवून टाकले. पण त्याने ते का केलं? कारण ‘छेद वेगळे दिसले की गुणा’ असं त्याला सांगितलेलं होतं. छेद किती वेगळे आहेत ते बघा, असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता त्या ओळीत वजाचं चिन्ह किती वेळा आलंय ते मोजा. तीनदा. तिन्ही ठिकाणी ते वजाबाकीचं आहे. ‘उणे पाच’ अशी एकही संख्या त्यात लिहिलेली नाही. तरी उत्तरात पाच आणि दोन यांची बेरीज होऊन सात येतात. मग ही बेरीज आली कुठून? वजाबाकीच्या उदाहरणात बेरीज दिसली की मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. आणि तो परत ३ लिहितो.

ती आली ती (क्ष−३) आणि (३−क्ष) यांच्या नात्यातून. दहातून चार गेले, सहा. चारातून दहा गेले, उणे सहा. अंतर तेच, मोजायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून. आपल्या शाळेत याला फार चांगला शब्द आहे: विरुद्ध संख्या. सहाची विरुद्ध संख्या उणे सहा. तसंच (३−क्ष) ही (क्ष−३) ची विरुद्ध. हा शब्द सहावी-सातवीत पूर्णांकांच्या वेळी येतो, आणि मग बीजगणितात जिथे त्याची खरी गरज लागते तिथे तो नाहीसा होतो. त्याच्या जागी येतं ‘वजा कॉमन काढा’ किंवा ‘चिन्हं फिरवा’. या दोन्ही सूचना हाताला दिलेल्या आहेत. ‘ही त्याची विरुद्ध आहे’ हे वाक्य डोक्याला दिलेलं आहे. आम्हाला फरक वाटतो तो इथे.

विरुद्ध छेद ओळखला की बाकीचं एका ओळीचं काम उरतं. २/(३−क्ष) म्हणजे −२/(क्ष−३). ते वजा करायचं, म्हणजे अधिक करायचं. ५ आणि २, सात. पटत नसेल तर क्ष = ५ घ्या. पहिला भाग ५/२, म्हणजे अडीच. दुसरा २/(−२), म्हणजे उणे एक. अडीचमधून उणे एक गेला, साडेतीन. आणि ७/(५−३) म्हणजे साडेतीनच. हा ताळा करायला अर्धं मिनिट लागतं. आमच्या मते परीक्षेतल्या शेवटच्या दहा मिनिटांत सुवाच्य अक्षरात समास आखण्यापेक्षा हे अर्धं मिनिट जास्त उपयोगाचं आहे, पण समासाची आज्ञा फलकावर असते आणि ताळ्याची नसते. (हशा)

छेद ऋण असला की भागाकाराचं काय होतं, हे काही काल-परवाचं ज्ञान नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘ब्रह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. त्यात धन आणि ऋण यांचे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचे नियम एकत्र दिलेले आहेत. शून्यातून ऋण वजा केलं तर धन, ऋणाला ऋणाने भागलं तर धन, धनाला ऋणाने भागलं तर ऋण. आपलं आजचं उदाहरण सोडवायला लागणारे नियम यात आले. तेरा-चौदा शतकं हे सामान घरात पडून आहे.

‘ऋण’ हा शब्दच मुळी कर्जाचा. त्यामुळे आपल्याकडे मुलांना ऋण संख्या शिकवताना वाण्याची वही आठवते. तुमचं येणं ते आमचं देणं. शंभर रुपयांचं देणं कुणी माफ केलं तर शंभर मिळाल्यासारखेच, म्हणून वजा वजा अधिक. बेरीज-वजाबाकीपुरती ही उपमा झकास चालते. पण भागाकारापाशी ती लंगडते, आणि ही गोष्ट शिकवणारे मान्य करत नाहीत. पाच रुपये ‘दोन रुपयांच्या कर्जाने’ भागा म्हणजे काय करा? अशी कुठली पंगत असते, जिथे उणे दोन माणसं जेवायला बसलेली आहेत? छेदात वजा आलं की वाण्याची वही मिटावी लागते. इथे मुलाची उपमा संपलेली असते, नियम पाठ नसतो, आणि मग तो अंदाजाने चिन्ह टाकतो.

भास्कराचार्यांकडे याहून चांगली वाट आहे. ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे: पाया ९, उरलेल्या बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती, असा प्रश्न. रीतीप्रमाणे हिशेब केला तर एक तुकडा येतो १५ आणि दुसरा येतो उणे ६. नऊ लांबीच्या पायात पंधराचा तुकडा! आचार्य घाबरत नाहीत. ते म्हणतात, ऋण म्हणजे उलट दिशेला. लंब पायावर पडतच नाही, पायाच्या बाहेर पडतो, सहा एकक पलीकडे. लंबाची उंची ८. दोन्ही बाजूंनी पडताळा: १०० मधून ३६ गेले ६४, आणि २८९ मधून २२५ गेले तेही ६४. इथे ऋण म्हणजे कर्ज नव्हे, दिशा. ‘बीजगणिता’वर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला टीका लिहिणाऱ्या कृष्ण दैवज्ञांनी तर ऋणत्व स्थळाचं, काळाचं आणि वस्तूचं असं उलगडून दाखवलं. पूर्वेकडे जाणं धन धरलं तर पश्चिमेकडे जाणं ऋण. वस्तूच्या बाबतीत वाण्याची वहीही त्यात आलीच, पण ती तिघांतली एक म्हणून. (चाळीसगावजवळच्या पाटणला जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तिथे ‘दिशा’ शिकवत होते की ‘चिन्हं फिरवा’ शिकवत होते, ते विचारायला आज कुणी नाही.)

दिशेची उपमा भागाकारापाशीही टिकते. दहावीतला ‘चढ’ आठवा. (२, ७) आणि (५, १) या दोन बिंदूंतून जाणारी रेषा. चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक. पहिल्या बिंदूकडून दुसऱ्याकडे बघा: (१−७)/(५−२) = −६/३ = −२. दुसऱ्याकडून पहिल्याकडे बघा: (७−१)/(२−५) = ६/(−३) = −२. रस्ता तोच, उताराचाच. फक्त आपण कुठल्या टोकाला उभे आहोत ते बदललं, म्हणून अंशही विरुद्ध झाला आणि छेदही. पण वर एका टोकाकडून मोजलं आणि खाली दुसऱ्या टोकाकडून, तर उत्तर येतं अधिक दोन. खंडाळ्याच्या घाटाचा उतार तुम्ही चढ म्हणून लिहिलात. हजारो मुलं दरवर्षी हीच चूक करतात, आणि ती नवी चूक नाही. ती आठवीतल्या (३−क्ष) ची थकबाकी आहे. बारावीला १/(३−क्ष) चं संकलन करताना बाहेरचं वजा विसरतात, तीही तीच थकबाकी, व्याजासकट.

आता ‘चिन्हं फिरवा’ या वाक्याशी आमचं वैयक्तिक भांडण आहे, ते सांगून टाकतो. शाळेचं नाव घेत नाही. आम्हाला हा नियम मंत्रासारखा दिला होता: छेद उलटा दिसला की मधलं चिन्ह फिरवायचं. आम्ही आज्ञाधारक. चाचणीत आलं १/(क्ष−२)² − १/(२−क्ष)². आम्ही छेद उलटा पाहिला, मधलं चिन्ह फिरवलं, लिहिलं २/(क्ष−२)². उत्तर होतं शून्य. चाराचा वर्ग सोळा, उणे चाराचाही सोळा. वर्ग झाल्यावर दिशा पुसली जाते, दोन्ही छेद एकच आहेत, आणि सारख्यातून सारखं गेलं की काही उरत नाही. घन असता तर चिन्ह फिरलं असतं, वर्गात फिरत नाही. आम्ही विचारायला गेलो, ‘तुम्हीच सांगितलं होतं’. उत्तर मिळालं, ‘सांगितलं तेवढं करा, डोकं चालवू नका’. गंमत अशी की आम्ही नेमकं सांगितलं तेवढंच केलं होतं. त्या दिवसापासून वर्गात आम्ही ‘वजात कच्चे’ ठरलो, आणि ते विशेषण वहीवर नाव असावं तसं दहावीपर्यंत आमच्याबरोबर होतं. कच्चा मुलगा नव्हता, कच्चा नियम होता, एवढं कळायला आम्हाला फार वर्षं लागली.

दुसरी एक जागा आहे, तिच्यावर टीकाकारांनी फारसं लिहिलेलं नाही. अंश आणि छेद यांच्यामधली रेघ. जुन्या भारतीय पोथ्यांत ती नसायची. अंश वर, छेद खाली, एवढंच. आज आपण जी रेघ मारतो ती भागाकार तर सांगतेच, शिवाय न लिहिलेला कंसही असते. आणि अदृश्य कंस फार धोकादायक असतो. बघा:

(२क्ष+१)/(क्ष−४) − (क्ष−३)/(क्ष−४)

छेद सारखे आहेत, काही उलटसुलट नाही. तरी मूल वर लिहितं: २क्ष+१−क्ष−३. वजा फक्त पहिल्या पदाला लागलं. खरं ते सगळ्या अंशाला लागतं: २क्ष+१−क्ष+३, म्हणजे उत्तर (क्ष+४)/(क्ष−४). इथून पुढे क्ष वर क्ष आणि चारावर चार अशी काट मारून ‘−१’ लिहिणारेही भेटतात, त्यांना प्रेमाने परत बसवावं. आता याच उदाहरणात दुसरा छेद (४−क्ष) करा. मधलं चिन्ह अधिक होतं, अंश नुसता मिळवायचा: २क्ष+१+क्ष−३, उत्तर (३क्ष−२)/(क्ष−४). म्हणजे विरुद्ध छेदाचं उदाहरण, जे अवघड म्हणून ओळखलं जातं, ते या बाबतीत सोपं आहे! कंस सोडवताना चिन्हं बदलायची वेळच येत नाही. अवघड-सोपं हे शिक्के कुणी मारले आणि काय बघून मारले, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

उदाहरण रचणाऱ्याचीही थोडी समीक्षा करू. परीक्षकांचं एक लाडकं उदाहरण आहे: अ²/(अ−ब) + ब²/(ब−अ). दुसरा छेद फिरवला की वर अ²−ब² येतं, त्याचे अवयव पडतात, (अ−ब) वर काट बसते, आणि उत्तर अ+ब. सुंदर आहे, मान्य. पण अशी वीस उदाहरणं सोडवल्यावर मुलाची सवय काय होते? शेवट गोडच होणार असं तो धरून चालतो. मग मधलं चिन्ह वजा करून द्या: अ²/(अ−ब) − ब²/(ब−अ). आता वर अ²+ब² येतं. अवयव नाहीत, काट नाही, उत्तर (अ²+ब²)/(अ−ब) इथेच थांबतं. मुलाला हा शेवट सहन होत नाही. तो चिन्ह ओढूनताणून अ+ब आणतोच. अ = ५, ब = २ घेतलं तर खरं उत्तर २९/३ आणि त्याचं उत्तर ७. जवळपास मारझोड करून सुखान्त केलेल्या मराठी नाटकासारखं. दोष एकट्या मुलाचा नाही. ज्या स्वाध्यायात प्रत्येक उदाहरण ‘सुटतं’, तो स्वाध्याय न सुटणाऱ्या गोष्टीपुढे शांत बसायला शिकवत नाही.

आणि काट मारताना एक गोष्ट पुसली जाते, तिचा उल्लेख करून पुढे जातो. अ+ब हे उत्तर अ आणि ब सारखे असतानाही काहीतरी किंमत देतं. मूळ उदाहरण तेव्हा अर्थहीन असतं, छेद शून्य होतो. ‘अ आणि ब समान नाहीत’ एवढी तळटीप उत्तराखाली हवी. पुष्कळ पुस्तकं ती गाळतात.

शेवटचं उदाहरण आमच्या आवडीचं:

१/((अ−ब)(अ−क)) + १/((ब−क)(ब−अ)) + १/((क−अ)(क−ब))

इथे तीन अक्षरं फेर धरून नाचतात. पहिल्यांदा पाहणारा सहा कंसांचा लसावि काढायला बसतो आणि पान भरतं. पण कंस खरे तीनच आहेत, बाकीचे तीन त्यांचे विरुद्ध. (अ−ब), (ब−क), (अ−क) हे तीन पक्के धरा. पहिला छेद तसाच राहतो. दुसऱ्यात एक कंस उलटा आहे, म्हणून तिथे वजा येतं. तिसऱ्यात दोन कंस उलटे आहेत, दोनदा दिशा फिरली, म्हणजे फिरलीच नाही. समच्छेद केल्यावर वर उरतं (ब−क) − (अ−क) + (अ−ब), आणि ते शून्य. अ = ३, ब = २, क = १ घेऊन बघा: अर्धा, उणे एक, अर्धा. आता अंशात १ च्या जागी अनुक्रमे अ, ब, क ठेवा, परत शून्य. त्यांचे वर्ग ठेवा, उत्तर १. घन ठेवा, उत्तर अ+ब+क. याच तीन संख्यांनी शेवटचं बघू: २७/२ − ८ + १/२, बरोबर सहा. ‘चिन्हं फिरवा’ म्हणणाऱ्याला इथे तीन जागी तीन वेगळे नियम लागतात. ‘कुठला कंस कुणाच्या विरुद्ध आहे’ असं विचारणाऱ्याला एकच प्रश्न पुरतो.

वेळ होत आली. एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: ‘छेद क्ष−३ च का ठेवायचा, ३−क्ष का नाही?’ चांगला प्रश्न. काही कारण नाही. ३−क्ष ठेवलात तर आपल्या पहिल्या उदाहरणाचं उत्तर −७/(३−क्ष) येतं, आणि तेही तितकंच बरोबर आहे. आपण क्ष पुढे ठेवतो तो सवयीचा भाग. उत्तरसूचीत एकच रूप छापलेलं असतं, आणि तपासणारा घाईत असतो. म्हणून समोर तपासणारे कुणी बसले असतील तर त्यांना एवढीच विनंती: मुलीने −७/(३−क्ष) लिहिलं असेल, तर पेन खाली ठेवून क्ष = ५ घालून बघा. साडेतीन आले, तर पूर्ण गुण द्या.